सेकंद मोजण्याआधी फेऱ्या मोजा

मजकुराची फाइल वाचणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. तिला फार वेळ लागतो म्हणून तुम्ही एक ओळ बदललीत, पुन्हा चालवलीत आणि या खेपेला ती चटकन संपली. त्या ओळीला शाबासकी देण्याआधी बदल मागे घ्या आणि जुनीच स्क्रिप्ट आणखी एकदा चालवून बघा. बऱ्याचदा तीही तेवढ्याच वेळात संपते. पहिल्या खेपेला फाइल डिस्कवरून आली होती, नंतर ती मेमरीतून आली, एवढाच काय तो फरक.

एकदा वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टिम लगेच टाकून देत नाही. मेमरी मोकळी आहे तोवर तिची पानं तिथेच राहू देते. लिनक्सवर एक पान साधारणपणे 4 केबीचं असतं आणि या साठ्याला पेज कॅश म्हणतात. टर्मिनलवर ‘फ्री’ कमांड देऊन ‘बफ/कॅश’ हा रकाना बघा, आज उघडलेली नाही अशी दोन-तीनशे एमबीची एखादी फाइल वाचा आणि रकाना पुन्हा बघा. आकडा तेवढाच चढलेला दिसेल. (शेजारच्या ‘फ्री’ रकान्यातला आकडा उतरलेला पाहून नवशिके घाबरतात. दुसऱ्या कुणाला मेमरी लागली की सिस्टिम हा साठा आपणहून सोडते.)

फरक किती पडतो? मिनिटाला 7200 फेरे घेणारी हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा 8.3 मिलिसेकंदांत पुरा करते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्याची वाट पाहण्यातच सरासरी 4 मिलिसेकंद जातात. मेमरीतलं 4 केबीचं पान उचलायला मायक्रोसेकंदाच्या आसपास पुरतो. एसएसडीने ही दरी पुष्कळ अरुंद केली, पण बुजवली नाही.

म्हणून घड्याळ लावण्याआधी स्वतःला विचारा, ही स्क्रिप्ट प्रत्यक्षात कधी चालते? क्रॉन तिला रात्री दोनला उठवत असेल, आणि मधल्या काळात बॅकअपने मेमरीतली सगळी जुनी पानं ढकलून दिलेली असतील, तर तुमच्या कामाचा आकडा कोल्ड रनचा. तीच फाइल दर मिनिटाला वाचली जात असेल तर वॉर्म रनचा. दोन्ही आकडे खरे असतात. घोळ होतो तो एक आकडा कोल्ड आणि दुसरा वॉर्म घेऊन त्यांची तुलना केली की.

वॉर्म रन घेणं सोपं आहे: एकदा चालवा, तो आकडा सोडून द्या, पुढचे धरा. कोल्ड रनसाठी कॅश रिकामा करावा लागतो. लिनक्सवर आधी ‘सिंक’ चालवायचं आणि मग रूटच्या अधिकाराने प्रॉक डिरेक्टरीतल्या ‘ड्रॉप कॅशेस’ फाइलमध्ये 3 हा आकडा लिहायचा. 1 लिहिला तर फक्त फाइलींची पानं जातात, 2 लिहिला तर फाइलींची नावं आणि ठावठिकाणे यांचा साठा जातो, 3 मध्ये दोन्ही. ‘सिंक’ आधी हवं, कारण डिस्कवर अजून न उतरलेली पानं या आकड्याला दाद देत नाहीत. हे सगळं स्वतःच्या मशीनवर. चार जणांच्या सर्व्हरवर केलंत तर त्या सगळ्यांची कामं एकाच वेळी मंदावतील आणि कुणीतरी तुम्हाला शोधत येईल. तिथे ‘व्हीएमटच’ हे छोटं साधन बरं. एखाद्या फाइलची किती पानं मेमरीत आहेत हे ते दाखवतं आणि सांगितलं तर तेवढीच बाहेर काढतं. फाइल तुमची असेल तर रूटही लागत नाही. व्हर्च्युअल मशीनवर मात्र जरा जपून: आतला कॅश रिकामा झाला तरी बाहेरच्या मशीनने तीच फाइल आपल्या मेमरीत धरलेली असू शकते.

तीन ओळींचा हिशेब

बॅशमध्ये कमांडच्या आधी ‘टाइम’ लिहिलं की शेवटी तीन ओळी येतात: रिअल, यूझर आणि सिस. बहुतेक जण पहिली ओळ वाचून उठतात. ‘रिअल’ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ. ‘यूझर’ म्हणजे प्रोसेसर तुमच्या प्रोग्रॅममध्ये राबला तो वेळ आणि ‘सिस’ म्हणजे तुमच्या वतीने कर्नल राबला तो. निदान करायचं तर तिन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात.

यूझर आणि सिसच्या बेरजेपेक्षा रिअल खूप मोठा असेल तर स्क्रिप्ट कशाची तरी वाट बघत बसली होती. डिस्कची, नेटवर्कची, किंवा कुणीतरी लिहून विसरलेल्या ‘स्लीप’ची. यूझर मोठा असेल तर वेळ मजकुरावरच्या प्रक्रियेत जातोय: रेग्युलर एक्स्प्रेशन, ओळी तोडणं, बाइटांची अक्षरं करणं. सिस मोठा असेल तर कर्नलला सारखं दार वाजवलं जातंय, म्हणजे फाइली उघडणं, बंद करणं, नव्या प्रोसेस सुरू करणं. बेरीज रिअलपेक्षा जास्त आली तर दचकू नका. पाइपने जोडलेल्या कमांड वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालतात, तेव्हा असं होतं.

वारंवार फाइल वाचणाऱ्या स्क्रिप्टचा आजार बहुतेक वेळा तिसऱ्या ओळीत सापडतो. एक उदाहरण घेऊ. एका लेखातले शब्द शब्दयादीत आहेत की नाहीत हे तपासायचं आहे. यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक शब्द, समजा एक लाख ओळी. स्क्रिप्ट सरळ आहे: लेखातला एक शब्द घ्या, ग्रेपने यादीत शोधा, सापडला नाही तर छापा, पुढचा शब्द घ्या. चार ओळींत काम झालं आणि उत्तरही बरोबर येतं.

आता फेऱ्या मोजा. लेख 2000 शब्दांचा असेल तर ग्रेप 2000 वेळा सुरू होतो आणि यादी 2000 वेळा उघडली जाते. शब्द सापडताक्षणी थांबायला ग्रेपला सांगता येतं, पण न सापडलेल्या शब्दासाठी त्याला यादी शेवटपर्यंत चाळावीच लागते. 300 शब्द न सापडणारे निघाले तर त्यांच्यापोटीच 3 कोटी ओळी वाचल्या गेल्या. फाइल पेज कॅशमध्ये आहे म्हणून डिस्क शांत असेल, पण म्हणून काही हे काम फुकट होत नाही.

हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही, डोळ्यांनी दिसतं. लिनक्सवर ‘एसट्रेस’ला मायनस एफ आणि मायनस सी देऊन त्यापुढे स्क्रिप्ट लिहा. मायनस एफमुळे स्क्रिप्टने सुरू केलेल्या पोटप्रोसेसही मोजल्या जातात आणि मायनस सीमुळे शेवटी एक तक्ता मिळतो: कर्नलला कोणती हाक किती वेळा मारली. वरच्या स्क्रिप्टच्या तक्त्यात ‘एक्झेक-व्ही-ई’पुढे 2000च्या वरचा आकडा असतो, कारण दर ग्रेप हा नवा प्रोग्रॅम आहे. ‘ओपन-ॲट’चा आकडा तर त्याच्याही कितीतरी पट असतो. यादी उघडण्याआधी दर ग्रेप आपल्या लायब्ररीच्या आणि भाषेच्या सेटिंगच्या फाइली उघडतो, आणि त्याही 2000 वेळा. या तक्त्यातला ‘कॉल्स’चा रकानाच वाचा. सेकंदांचा रकाना सोडून द्या, कारण एसट्रेस स्वतःच स्क्रिप्टला पुष्कळ मंद करतो. मोजणी त्याच्याकडून घ्यावी, वेळ ‘टाइम’कडून.

उपाय तसा उघड आहे: यादी एकदाच वाचायची. शेलमध्येच राहायचं असेल तर लेखातले शब्द एकाखाली एक लिहून घ्या आणि ग्रेपला छोट्या एफने सगळी यादी एकदम नमुने म्हणून द्या. मोठा एफ दिला की नमुने जसेच्या तसे धरले जातात, मायनस एक्सने पूर्ण ओळ जुळावी लागते आणि मायनस व्हीने न जुळलेल्या ओळी बाहेर पडतात. एक प्रोसेस, एक वाचन.

पायथॉनमध्ये यादी लूपच्या बाहेर वाचून सेटमध्ये भरा. इथे एक खड्डा आहे. सेटऐवजी लिस्टमध्ये भरलीत तर फाइल एकदाच उघडते, एसट्रेसचा तक्ता स्वच्छ दिसतो, सिस उतरतो, आणि तरीही यूझर तुंबलेलाच राहतो. कारण लिस्टमध्ये शोधणं म्हणजे दर शब्दाला वरपासून खाली चाळणं. फाइलवरची फेरी मेमरीत आली, संपली नाही. सेटमध्ये शब्द थेट त्याच्या जागी शोधला जातो. यादी मेमरीत मावते की नाही ही शंका असेल तर बॅशच्या आतला ‘टाइम’ सोडून यूएसआर-बिनमधला ‘टाइम’ मायनस व्हीसह वापरा. ‘मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ’ या ओळीत स्क्रिप्टने जास्तीत जास्त किती मेमरी घेतली ते मिळतं.

मराठी मजकूर असेल तर

चाचणीसाठी इंटरनेटवरून एखादी इंग्रजी फाइल उतरवून घेणं सोयीचं पडतं, पण तुमचं काम मराठीवर चालणार असेल तर तो आकडा फसवा आहे. यूटीएफ-8 मध्ये रोमन अक्षर 1 बाइट घेतं, तर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट. चिन्ह म्हणजे व्यंजन, काना, हलन्त असा प्रत्येक सुटा भाग. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी 10 चिन्हं आहेत, म्हणजे 30 बाइट. रोमनमध्ये हाच शब्द 11 बाइटांत बसतो. शिवाय रोमन मजकुराचे बाइट पायथॉन जवळपास तसेच उचलतो, देवनागरीचे तीन-तीन जोडून त्यांची चिन्हं बनवावी लागतात. तेव्हा चाचणीची फाइल मराठीच घ्या. ओळींची संख्या सारखी ठेवण्यापेक्षा बाइटांतला आकार लिहून ठेवा.

ग्रेपला वेग देण्यासाठी ‘एलसी-ऑल’ला ‘सी’ करण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. त्याने ग्रेप अक्षरांऐवजी बाइट बघतो. जसेच्या तसे नमुने शोधायचे असतील तर चालतं. पण रेग्युलर एक्स्प्रेशनमधला टिंब ‘कोणतंही एक अक्षर’ म्हणून वापरला असेल, तर आता तो एक बाइट होतो आणि ‘क’च्या तिसऱ्या हिश्श्याशी जुळतो. वेग मिळाला, उत्तर गेलं.

म्हणून दोन स्क्रिप्टांची शर्यत लावण्याआधी दोघींचं उत्तर ‘डिफ’ने ताडून बघा. मराठीत तर हे फारच गरजेचं आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ एकाने पायमोड्या ‘ऱ’ने टाइप केलेला असतो, दुसऱ्याने साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. यादी एका पद्धतीची आणि लेख दुसऱ्या पद्धतीचा असेल तर बरोबर शब्दही ‘न सापडलेले’ ठरतात. आणि आपण वर पाहिलं की न सापडलेला शब्द सगळ्यात महाग. असा लेख आला की तीच स्क्रिप्ट त्याच आकाराच्या मजकुरावर अचानक मंद होते, आणि लोक दोष डिस्कला देतात.

बफर आणि एकेक शीत

फाइल एकदाच उघडली तरी ती किती घासांत वाचली हा प्रश्न उरतोच. शेल स्क्रिप्टमध्ये कॅटने फाइल पाइपमध्ये ओतायची आणि पुढे व्हाइल-रीडने ओळी घ्यायच्या, ही सवय फार पसरलेली आहे. पाइपमधून येणारा मजकूर बॅशचा ‘रीड’ एकेक बाइट करून वाचतो. त्याचा नाइलाज असतो: ओळीच्या पुढचा मजकूर उचलला तर पाइपमध्ये परत ठेवता येत नाही. पंगतीत वाढप्याने दर शितासाठी स्वयंपाकघरात खेप घालावी तसं हे चालतं. 1 एमबीच्या फाइलसाठी 10,48,576 वाचनं. पायथॉनने बरीच वर्षं ठरलेल्या 8192 बाइटांच्या बफरने तीच फाइल वाचली तर 128. देवनागरीचं चिन्ह 3 बाइटांचं असल्याने एकेक बाइटाच्या वाचनात मराठी फाइल तिप्पट मार खाते. लूपला पाइपऐवजी थेट फाइल जोडली की बॅश मोठा तुकडा वाचून जरुरीपुरता मागे सरकतो, आणि फरक लगेच दिसतो. त्याहून बरं म्हणजे ओळींवरचं असं काम ऑककडे सोपवावं. लूपच्या आत दर ओळीला ‘कट’ किंवा ‘सेड’ बोलावलं जात असेल तर बफरचा विचार करत बसूच नका, आधी ते काढा.

किती वेळा मोजावं

एकदा मोजलेला आकडा हा आकडा नव्हे. त्याच वेळी ब्राउझरने काहीतरी उतरवून घेतलं असेल, लॅपटॉप चार्जरवरून काढला असेल, तापल्यामुळे प्रोसेसरने वेग कमी केला असेल. हे सगळे अडथळे वेळ वाढवतात, कमी कधीच करत नाहीत. म्हणून वॉर्म रनच्या आकड्यांत सर्वांत कमी आकडा किंवा मधला आकडा धरावा. सरासरीत एक वाईट खेप सगळ्यांना ओढून नेते. दोन स्क्रिप्टांची तुलना करताना आधी एकीच्या सगळ्या खेपा आणि मग दुसरीच्या, असं करू नका. आळीपाळीने चालवा, म्हणजे मशीन तापलं तर दोघींना सारखंच नडेल. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही. टॉड मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं होतं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची एकूण लांबी बदलली तरी प्रोग्रॅमचा वेग बदललेला दिसू शकतो.

हा सगळा खटाटोप ‘हायपरफाइन’ हे साधन हौसेने करतं. आधी किती वॉर्म-अप खेपा घ्यायच्या, दर खेपेआधी कोणती कमांड चालवायची (कॅश रिकामा करण्याची जागा हीच) हे त्याला सांगता येतं. पायथॉनच्या आत मोजायचं तर ‘परफ-काउंटर’ वापरा. साधं ‘टाइम’ हे मशीनचं घड्याळ आहे, ते इंटरनेटवरून जुळवलं जाताना मध्येच सरकू शकतं. ‘टाइमइट’ही चांगलं आहे, मात्र आकडा दिला नाही तर ते तुमचं फंक्शन दहा लाख वेळा चालवायला बसतं. फाइल वाचणाऱ्या फंक्शनला तेवढं कशाला हवंय, दहा-वीस पुष्कळ.

एक सापळा मात्र खास ग्रेपचा. टर्मिनलवर मजकूर छापायलाही वेळ लागतो म्हणून लोक मोजताना आउटपुट डेव्ह-नलकडे वळवतात, आणि इतर बऱ्याच ठिकाणी ते ठीकच आहे. पण जीएनयू ग्रेपला आपलं आउटपुट डेव्ह-नलमध्ये जातंय हे कळतं. मग पहिली जुळणी सापडताच तो थांबतो, कारण पुढचं कुणी वाचणारच नाही. मोठ्या फाइलवर त्याचा वेग अचाट दिसतो आणि तो आकडा पूर्ण खोटा असतो. आउटपुट खऱ्या फाइलमध्ये घ्या किंवा पाइपने ‘डब्ल्यूसी’कडे द्या. हायपरफाइनही मुळात डेव्ह-नलच वापरतं, त्याला आउटपुट पाइपमधून घ्यायला सांगावं लागतं.

साधनं काहीच हाताशी नसतील तरी एक चाचणी करता येते, आणि मला तीच सगळ्यांत आवडते. इनपुट दुप्पट करा. आधी नुसता लेख दुप्पट करून वेळ बघा, मग नुसती यादी, मग दोन्ही. दोन्ही दुप्पट केल्यावर वेळ दुपटीच्या आसपास राहिला तर स्क्रिप्ट शहाणी आहे. चौपट झाला तर कुठेतरी एका वाचनाच्या पोटात दुसरं वाचन दडलंय, मग ते फाइलचं असो की लिस्टचं. वेळ जवळपास हललाच नाही तर तुम्ही मजकूर वाचण्याचा वेळ मोजतच नव्हता, पायथॉन सुरू होण्याचा मोजत होता. रिकामी स्क्रिप्ट चालवून तो वेगळा काढा.

विंडोजवर थोडक्यात. पॉवरशेलमध्ये ‘मेझर-कमांड’ने वेळ मिळतो. ‘गेट-कंटेंट’ दर ओळीला ती कुठल्या फाइलची, कितवी वगैरे माहिती चिकटवत बसतं, म्हणून मोठ्या फाइलींवर मंद पडतं. डॉटनेटची फाइल वाचणारी फंक्शनं थेट बोलावली तर सुटसुटीत. अँटिव्हायरस फाइल उघडताना ती तपासतो, तेव्हा हजारो छोट्या फाइली उघडणाऱ्या स्क्रिप्टला त्याचा फटका बसणारच. मोजण्यासाठी तो बंद करू नका, रोजचं काम तो चालू असतानाच होणार आहे. फाइल ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर असेल तर दर वेळी उघडणं म्हणजे नेटवर्कवरची खेप; आधी स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपीचा वेळही हिशेबात धरा.

वाढत जाणाऱ्या लॉग फाइलींचं तंत्र जरा वेगळं आहे. दर पाच मिनिटांनी सगळा लॉग पहिल्या ओळीपासून वाचणारी स्क्रिप्ट सोमवारी झकास चालते आणि शुक्रवारी रडते, आणि मोजणारा नेमका सोमवारी मोजतो. मागच्या वेळी कितव्या बाइटपर्यंत वाचलं ते एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. लॉग रात्री बदलून नवा सुरू होत असेल तर आयनोड नंबरही सोबत लिहा; तो बदललेला दिसला की पुन्हा शून्यापासून. त्याच नोंदीत फाइलचा आकार आणि लागलेले सेकंद टाकत गेलात तर वेगळी चाचणी घेण्याची वेळ क्वचितच येईल. फक्त ती नोंद खाली जोडत जा. स्क्रिप्टला ती दर खेपेला पहिल्या ओळीपासून वाचायला लावू नका.